येप्पे पितो, पण का पितो? स्कँडिनेव्हियातली जुनी विनोदी नाटकं आणि त्यांचे सिनेमे

कालव्याकाठी (धागाकर्ती)

गेली ११ वर्षं मी कोपनहेगनला राहतेय. डॅनिश भाषेच्या वर्गाला जायला लागले तेव्हा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आमच्या बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं: 'लोक म्हणतात येप्पे पितो, पण येप्पे का पितो हे कुणी म्हणत नाही.' इथे हे वाक्य म्हणीसारखं वापरतात. ज्यांनी मूळ नाटक कधी पाहिलं नाही, त्यांच्याही तोंडी असतं. नाटक आहे लुडविग होल्बर्गचं 'टेकडीवरचा येप्पे', साल १७२२.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. म्हणून आधी नाटक वाचलं, मग त्याचे सिनेमे शोधले, आणि तिथून डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमधल्या जुन्या विनोदी नाटकांवरचे सिनेमे बघायचा नादच लागला. चार-पाच वर्षं हेच चाललंय. मराठीत यावर बोलायला कुणी मिळालं नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. होल्बर्ग जन्मला नॉर्वेतल्या बर्गनला, १६८४ मध्ये. तेव्हा डेन्मार्क आणि नॉर्वे एकाच राजाच्या अमलाखाली होते, त्यामुळे आजही दोन्ही देश त्याला आपलाच मानतात. कोपनहेगनच्या विद्यापीठात तो प्राध्यापक होता. राजधानीत नाटकं होत ती फ्रेंच आणि जर्मन, लोकांच्या बोलीत काहीच नव्हतं. सप्टेंबर १७२२ मध्ये एका गल्लीत डॅनिश नाटकघर उघडलं आणि पहिला प्रयोग झाला मोलिएरच्या 'कंजूष'चा. हे वाचताना मला फार आनंद झाला, कारण त्याच नाटकावरून आपल्या अत्र्यांनी 'कवडीचुंबक' लिहिलं. दोन भाषांच्या घरी एकच पाहुणा येऊन गेलेला! पुढच्या काही दिवसांतच होल्बर्गची स्वतःची नाटकं सुरू झाली.

येप्पे हा गरीब कूळ-शेतकरी. बायको निल्ले त्याला चाबकाने बडवते. त्या चाबकाला घरात नावसुद्धा आहे, 'एरिक मास्तर'. एके दिवशी पहाटे ती त्याला गावातून साबण आणायला पिटाळते. वाटेत गुत्ता. साबणाचे पैसे तिथे संपतात आणि येप्पे उकिरड्यावर झोपतो. तिथून जाणारा जहागीरदार गंमत म्हणून त्याला उचलून आपल्या वाड्यात, आपल्या पलंगावर नेऊन टाकतो. जाग आल्यावर सगळे 'हुजूर, हुजूर' करताहेत. आधी तो घाबरतो, मग हळूहळू खरंच हुजूर होतो, आणि कारभाऱ्याला फासावर द्यायला निघतो. मग पुन्हा दारू, पुन्हा उकिरडा, आणि वर खोटा खटला, खोटी फाशी.

माझा प्रश्न असा. नाटकाचा जीव त्या गुत्त्याबाहेरच्या स्वगतात आहे. एक घोट झालाय, अजून एक घ्यावा की साबणाला जावं? पोट म्हणतं घे, पाठ म्हणते नको. (पाठीला एरिक मास्तर आठवतो.) रंगमंचावर येप्पे हे प्रेक्षकांना विचारतो. समोर बसलेले लोक हसतात आणि त्या हसण्यानेच त्याला दुसऱ्या घोटाकडे ढकलतात. सिनेमात हा माणूस कुणाला विचारणार?

१९३३ मध्ये नॉर्वेत या नाटकाचा सिनेमा झाला. डेन्मार्कमध्ये १९८१ साली कास्पर रॉस्ट्रुपने केला आणि येप्पे होता बुस्टर लार्सन. रॉस्ट्रुप रंगभूमीवरून आलेला माणूस. या दुसऱ्या सिनेमाबद्दल मला बरंच बोलायचंय, पण आधी तुमचं ऐकते. स्टेजवरचं हसू पडद्यावर नेताना काय वाचतं आणि काय हरवतं?

पिटातली खुर्ची

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी हौशी रंगभूमीवर २० वर्षं कामं केली, त्यातली निम्मी विनोदी. तुमचा प्रश्न मी अगदी अंगावर झेललेला आहे.

एका स्पर्धेत आमचं प्रहसन गाजलं, तेव्हा ते चित्रित करून ठेवायचं ठरलं. सभागृह रिकामं, समोर दोन कॅमेरे. आम्ही नेहमीसारखं केलं. हशा घेण्यासाठी जिथे थांबायचो तिथे थांबलो. पण हसायला कुणी नव्हतंच, आणि नंतर पाहिलं तर प्रत्येक वाक्यानंतर एक मेलेली जागा. सलग ५० मिनिटं. जी माणसं रंगमंचावर हुशार वाटायची ती मंद वाटत होती. त्या दिवशी कळलं की थांबणं हे अर्धं प्रेक्षकाचं असतं.

दुसऱ्या टोकाला अशीही मंडळी असतात जी नाटकाचा सिनेमा करताना सगळं घराबाहेर काढतात. संवाद तेच, फक्त आता पात्रं बागेत चालताहेत, होडीत बसलीत. विनोदी नाटक तर खोलीत कोंडलेल्या माणसांचं असतं. दार उघडं टाकलं की वाफ गेली. तुम्ही पाहिलेल्यांत कुणी हे नीट सोडवलंय का?

कालव्याकाठी

हो. आणि ज्याने सोडवलं त्याचं नाव ऐकून लोकांना विनोद आठवतच नाही: कार्ल थिओडोर ड्रायर. 'जोन ऑफ आर्क' हा सिनेमा करणारा डॅनिश दिग्दर्शक.

१९२५ चा मूकपट आहे. मूळ नाटक स्वेन रिंडोमचं, 'जुलम्याचा पाडाव'. स्वतः रिंडोमही पटकथेत होता. सिनेमाचं नाव बायबलच्या आज्ञांच्या थाटात, 'तू आपल्या पत्नीचा मान राख'. गोष्ट एवढीच, की व्हिक्टर नावाचा नवरा घरात सगळ्यांवर गुरकावतो आणि बायको ईदा राबते. नवऱ्याला लहानपणी सांभाळलेली म्हातारी दाई, मास, रोज घरी येते आणि हे बघते. शेवटी ती ईदाला विश्रांतीसाठी माहेरच्या माणसांकडे धाडते, घराचा ताबा घेते आणि या दांडगटाला पुन्हा लहान मूल करून वळण लावते.

हे कथानक आपल्याकडेही सहज चाललं असतं, आणि टाळीची वाक्यंही भरपूर सापडली असती. पण मूकपटात टाळीचं वाक्य कुठून आणणार? ड्रायरने काय केलं ते सांगते.

त्याला खऱ्या बिऱ्हाडातच चित्रीकरण करायचं होतं. जागा फार अरुंद पडली, म्हणून त्याने स्टुडिओत तसंच्या तसं दोन खोल्यांचं घर बांधून घेतलं. चारही भिंती, चालू नळ, चालू गॅस, वीज. म्हणजे तुम्ही म्हणता ती कोंडलेली खोली त्याने उघडली नाहीच, उलट नाटकात नसलेली चौथी भिंतसुद्धा घातली. आणि मग कॅमेरा घेऊन आत शिरला.

सुरुवातीला कितीतरी वेळ आपण फक्त सकाळची कामं बघतो. चूल, कॉफी, मुलांचे बूट, दोरीवरचे कपडे. मग न्याहारी. नवऱ्याच्या पावावर लोणी कमी पडतंय हे पाहून ईदा आपल्या पावावरचं लोणी सुरीने खरवडून घेते आणि त्याच्या पावाला लावते. तो येतो, खातो, तक्रार करतो. पिटातल्या दहाव्या रांगेतून हे लोणी कुणाला दिसलं असतं? नाटकात तिला हे बोलून दाखवावं लागलं असतं, आणि बोलली असती तर ती ईदा राहिली नसती.

एवढं पाहिल्यामुळे उत्तरार्धात मास त्या बाप्याला कोपऱ्यात तोंड करून उभं करते तेव्हा येणारं हसू वेगळं असतं. आधी याच घरात पोराला कोपऱ्यात उभं केलेलं आपण पाहिलेलं असतं. आणखी एक. व्हिक्टरचा धंदा बुडालाय, त्याची लाज तो घरात रागाच्या रूपाने काढतोय, हे ड्रायर लपवत नाही. त्यामुळे तो वाईट वागतो हे तर दिसतंच, आणि का वागतो तेही दिसतं. मला इथे पुन्हा येप्पेचंच वाक्य आठवलं.

हा सिनेमा फ्रान्समध्ये खूप चालला, आणि त्यामुळेच ड्रायरला तिकडे बोलावणं आलं. 'जोन' त्यातून झाला. ते सगळे रडके, ताणलेले क्लोजअप आधी एका घरगुती विनोदी नाटकाच्या स्वयंपाकघरात सिद्ध झाले होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याच नाटकाचा बोलपट १९४२ मध्ये डेन्मार्कमध्येच निघाला. त्याची मोहिनी मला नाही जाणवली.

तिसरी घंटा

येप्पेबद्दल वाचताना 'एकच प्याला' डोळ्यांसमोर उभं राहिलं. गडकऱ्यांनी दारूचं हसू आणि दारूचं रडू दोन माणसांत वाटून दिलंय. तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ आलं की हसायचं, सुधाकर आला की गळा दाटायचा. होल्बर्गने दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर टाकलंय असं दिसतंय. नट म्हणून विचार केला तर हे भयंकर अवघड. एकाच घोटात तळीराम आणि सुधाकर!

बुस्टर लार्सनने हे कसं पेललं ते सांगा ना.

कालव्याकाठी

किती नेमकं बोललात. ही वाटणी माझ्या लक्षातच आली नव्हती.

लार्सनबद्दल आधी हे सांगायला हवं, की डॅनिश प्रेक्षकांना तो वर्षानुवर्षं ओळखीचा होता, हलक्याफुलक्या लोकप्रिय सिनेमांतला हसरा चेहरा. लोक थिएटरात शिरताना अर्धं हसू बरोबर घेऊनच येत असणार. आणि तो येप्पे म्हणून समोर येतो तेव्हा त्या ओळखीच्या चेहऱ्यावर थकवा असतो. माझ्या मते सिनेमाची मुख्य शक्ती त्या निवडीतच आहे. पिण्याची कारणं येप्पे स्वतः नाटकात सांगतो: बायको मारते, कारभारी ढोरासारखा राबवतो, आणि गावचा पाद्रीबुवाचा कारकून घरात शिरतो. स्टेजवर ही यादी विनोदी लयीत येते आणि लोक हसतात. कॅमेरा जवळ असला की तीच यादी ऐकताना हसू सुटतं आणि लगेच आवरावंसं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला सिनेमापेक्षा नाटकातच मोठी वाटते, ती म्हणजे पलंगावरची जाग. मऊ गादी हाताने चाचपत 'मी येप्पे की कुणी दुसरा' असं तो स्वतःशी बोलतो, तेव्हा रिकाम्या रंगमंचावर एकच पलंग असला की सगळं जग त्या पलंगापुरतं होतं. सिनेमात खरा वाडा आला की नजर भिंतीवरच्या चित्रांवर जाते.

अनामिक वाचक

हे सिनेमे बघायला कुठे मिळतील? सबटायटल्स असतात का?

कालव्याकाठी

डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटने बरेच जुने मूकपट जालावर मोफत ठेवलेत, तिथे शोधून बघा. ड्रायरचा तो सिनेमा डिस्कवर इंग्रजी पाट्यांसकट निघालेला आहे. कोपनहेगनला येणार असाल तर गॉथर्सगेडवरच्या सिनेमाटेक या चित्रपटगृहाचं वेळापत्रक आधी बघून या.

उत्तररात्र

मी स्टॉकहोमला असतो. स्वीडनच्या बाजूने एक भर घालतो, कारण विषयच असा आहे की राहवत नाही.

यालमार बर्गमनचं 'स्वेडेनयेल्म कुटुंब' हे १९२० च्या दशकातलं नाटक. १९३५ मध्ये गुस्ताफ मोलांडरने त्याचा सिनेमा केला. म्हातारा इंजिनियर-संशोधक रोल्फ स्वेडेनयेल्म नोबेलची वाट बघतोय. घरात मान मोठा, खर्च मोठा, पैसा नाही. मुलं गोड आणि उधळी. नोबेल मिळतं, आणि त्याच सुमारास एक सावकार येतो. त्याच्याकडे कर्जाचे कागद आहेत आणि त्यावर खोट्या सह्या. म्हाताऱ्याला वाटतं, आपल्याच पोरांपैकी कुणीतरी केलं. इज्जतीवर प्राण देणारा माणूस तो.

सह्या केल्या असतात बूमन बाईने. ती त्याच्या वारलेल्या बायकोची बहीण, वर्षानुवर्षं हे घर चालवणारी. तुम्ही सगळे इज्जतीच्या गप्पा मारत होतात तेव्हा वाण्याचं बिल कोण देणार होतं, हा तिचा प्रश्न. कारिन स्वान्स्ट्रॉमने हे काम केलंय आणि माझ्या लेखी सिनेमा तिचाच आहे, म्हातारा यॉस्टा एकमनने रंगवला असला तरी. एकमन रंगमंचावरचा सम्राट. त्याच्या हातवाऱ्यांत अजून नाटकघराची शेवटची रांग दिसते. स्वान्स्ट्रॉम फक्त उभी असते, हात पोटाशी धरून. कॅमेऱ्याला कोण कळलंय ते त्या दोघांकडे एकत्र बघितलं की समजतं.

श्रीमंत भावी सुनेच्या कामात अजून विशीही न गाठलेली इन्ग्रिड बर्गमन आहे. (लेखक बर्गमन वेगळे, नात्यातले नव्हेत.) पुढच्याच वर्षी मोलांडर, एकमन आणि ती 'इंटरमेझो'त पुन्हा एकत्र आले आणि तिथून तिला हॉलिवूडची वाट फुटली.

कालव्याकाठी

ईदा आणि बूमन! एक पावावरचं लोणी खरवडते, दुसरी खोटी सही करते, आणि दोघींमुळे कुणा पुरुषाची ऐट टिकते. हे दोन सिनेमे एकापाठोपाठ बघायला हवेत. ऋणी आहे.

जुनी नाट्यपुस्तिका

नॉर्वेचं कुणी बोललं नाही अजून, म्हणून येतो. आणि हा धागा सरळ आपल्या दारात येऊन पोचतो.

नॉर्वेचा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट १९३१ चा, 'मोठं बारसं'. ऑस्कर ब्रोटनच्या नाटकावरून. ऑस्लोच्या पूर्वेकडच्या गिरणगावातली माणसं, कारखान्यात जाणारी अविवाहित आई आणि तिचं मूल सांभाळणारा बेकार तरुण. म्हणजे देशाला पडद्यावर आवाज मिळाला तेव्हा तो गिरणी कामगारांच्या बोलीत मिळाला, आणि विनोदी नाटकातून मिळाला. दोन दिग्दर्शकांपैकी एक टँक्रेड इब्सेन. नाटककार हेन्रिक इब्सेनचा नातू, आणि आईकडून नॉर्वेच्याच दुसऱ्या नाटककाराचा, ब्यर्नसनचाही नातू.

आता ब्यर्नसन म्हणजे कोण? १ जुलै १९३३ रोजी मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा'चा पहिला प्रयोग केला. वर्तकांचं ते नाटक ब्यर्नसनच्याच 'हातमोजा'वर बेतलेलं. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, ज्योत्स्नाबाई भोळे त्यात होत्या, आणि संगीत केशवराव भोळ्यांचं. नातू तिकडे रंगभूमीवरच्या नाटकातून बोलपटात शिरत होता, तेव्हा आजोबा इकडे मराठीत बोलू लागले होते. मध्ये अंतर जेमतेम दीड वर्षाचं.

मूळ नाटक विनोदी नाही, याची कल्पना आहे. पण हा दुवा इथे नोंदवल्याशिवाय झोप आली नसती.

खडूधूळ

मी तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक आहे. होल्बर्गचं 'एरास्मुस मोंटानुस' इंग्रजीतून वाचलंय, वर्गातही सांगितलंय. शेतकऱ्याचा पोरगा रास्मुस बेर्ग शिकायला कोपनहेगनला जातो आणि नाव लॅटिन करून परततो. आईला म्हणतो: दगड उडू शकत नाही, तू उडू शकत नाहीस, म्हणून तू दगड आहेस. आई बिचारी रडायला लागते, तिला आपले पाय गार पडल्यासारखे वाटतात. पोरं खळखळून हसली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, आईला खरंच वाटलं असेल ना?' सगळे गप्प.

आणि गंमत अशी की पृथ्वी गोल आहे हे तो म्हणतो ते बरोबर असतं. गाव म्हणतं, धिरड्यासारखी सपाट. शेवटी त्याला सैन्यात भरती करण्याचा डाव टाकून 'सपाट आहे' असं वदवून घेतात. म्हणजे हसायचं कुणाला? पोरांची यावर दोन तास भांडणं चालली. याचा सिनेमा आहे का?

कालव्याकाठी

तुमची ती मुलगी दिग्दर्शक व्हायला हवी. तिने मागितलेला क्लोजअप तोच, आईचा चेहरा.

हे नाटक इकडे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिलंय ते मुख्यतः रंगमंचावर आणि दूरदर्शनच्या नाट्यविभागांतून. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, तिन्ही सरकारी दूरदर्शन केंद्रांनी स्टुडिओत नाटकं बसवायची मोठी परंपरा चालवली. आपल्याकडे मुंबई केंद्राने नाटकं दाखवली तशीच. त्या प्रकाराला मी सिनेमापेक्षा खालचं मानत नाही. पुठ्ठ्याच्या भिंती हलतात, पण शब्द शाबूत असतात.

पिटातली खुर्ची

फिनलंड धरायचं का?

उत्तररात्र

काटेकोर बोलायचं तर तो स्कँडिनेव्हिया नव्हे, पण अलेक्सिस किवीला वगळून हा विषय पुरा कसा होईल! त्याचं 'माळावरचे मोची' १८६४ चं. एस्को नावाचा हट्टी, भोळा मोची लग्नाला म्हणून वाजतगाजत निघतो आणि पोचतो तर नवरी दुसऱ्याशीच लग्न लावून मोकळी. तीनदा सिनेमा झाला: १९२३, १९३८, १९५७. किवी १८७२ मध्ये हलाखीत गेला, त्याने यातलं काहीच पाहिलं नाही.

कालव्याकाठी

परवा येप्पेचं ते गुत्त्याबाहेरचं स्वगत मराठीत करायला बसले. एक-दोन पानं झाली आणि अडले. तो पोट आणि पाठ यांचं भांडण लावतो: पोट म्हणतं पी, पाठ म्हणते पिऊ नकोस, आता मी ऐकू कुणाचं? पोट पाठीपेक्षा मोठं नाही का? डॅनिशमध्ये हे इतकं घरगुती वाटतं, आणि माझ्या मराठीत पुस्तकी होतंय. 'एरिक मास्तर' मात्र जसाच्या तसा ठेवलाय.

खडूधूळ

एरिक मास्तर ठेवाच. आमच्याकडे छडीला असंच नाव असायचं.

आणि पोट-पाठीचं तुम्ही शोधताय कशाला, ते आपल्याकडे तयारच आहे. 'पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका.' आमच्या गावात मजूर मुकादमाला अजून हेच म्हणतात. येप्पेला तेच म्हणू द्या, आणि मग त्याला पुन्हा गुत्त्याकडे वळू द्या.

कालव्याकाठी

वाक्य तसंच घेतलं. आता दुसरा घोट लिहायला बसते.